इतिहास बदलला, घराचं काय?

‘जर-तरला काही अर्थ नसतो’ असं आपण दिवसातून एकदा तरी म्हणतो आणि दिवसातून दहादा जर-तरच करत बसतो. तेव्हा शिक्षण सोडलं नसतं तर? शाळेतली नोकरी चालून आली होती, ती धरली असती तर? बायकांइतकं जर-तर कुणी करत नसेल. कारण उघड आहे. आपल्या आयुष्यातले मोठे निर्णय बऱ्याचदा दुसऱ्यांनीच घेतलेले असतात.

इतिहासाचंही असं जर-तर करता येतं. पानिपतात मराठे जिंकले असते तर काय झालं असतं, यावर जयंत नारळीकरांनी लिहिलेली विज्ञानकथा तुमच्यापैकी अनेकींनी वाचली असेल. तशीच कल्पना घेऊन अमेरिकेत एक मालिका निघाली, ‘फॉर ऑल मॅनकाइंड’. म्हणजे ‘समस्त मानवजातीसाठी’. अपोलो ११ ने चंद्रावर जो फलक ठेवला, त्यावरचे हे शब्द. १ नोव्हेंबर २०१९ ला ॲपल टीव्हीवर ती सुरू झाली. चंद्रावर पहिलं पाऊल नील आर्मस्ट्राँगचं पडत नाही, जून १९६९ मध्ये रशियाच्या अलेक्सी लिओनोव्हचं पडतं, इथून गोष्ट सुरू होते. असं का झालं? तर रशियाच्या अवकाश मोहिमांचे प्रमुख शिल्पकार सर्गेई कोरोल्योव्ह खऱ्या इतिहासात जानेवारी १९६६ मध्ये वारले, या गोष्टीत ते जगले. एक माणूस वाचला आणि पुढचं सगळं बदललं. चंद्राची शर्यत संपलीच नाही. पहिला सीझन १९६९ पासून, दुसरा १९८३ चा, तिसरा १९९२ नंतरचा मंगळावर जाण्याचा, चौथा २००३ चा मंगळावरच्या वस्तीचा.

आता म्हणाल, तालुक्याच्या गावी बसून ही असली मालिका पाहायची कशी? माझ्या भाचीनं लावून दिली. ती आणि तिचे मित्र-मैत्रिणी तिचे भक्त. दुपारची कामं आटोपली की आमच्या भिशीतल्या पाच-सहा जणी जमायच्या. भाची मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगायची. अशा रीतीनं पहिले चार सीझन झाले. आणि गंमत म्हणजे मालिका एकच, पण भाचीच्या कंपूचं मत एक आणि आमचं दुसरं!

जगभरच्या प्रेक्षकांचं या मालिकेविषयी साधारण मत काय, तर पहिला सीझन सुरुवातीला रेंगाळतो, नंतर पकड घेतो. दुसरा सगळ्यात भारी. तिसऱ्यात गाडी घसरली. चौथ्याबद्दल मतं दोन, कुणी म्हणतं सावरली, कुणी म्हणतं आता पुरे. आणि एक तक्रार मात्र चारही सीझनभर सारखी, ‘रॉकेटं दाखवायची सोडून घरातली रडारड काय दाखवता? ही काय सासू-सुनेची मालिका आहे का?’ भाचीच्या मित्रानं तर सांगितलंच, ‘मावशी, घरातले सीन आले की मी पुढे ढकलतो.’

मला नेमकं इथंच बोलायचंय.

पहिल्या सीझनचंच बघा. रशियाच्या पुढच्याच यानातून चंद्रावर एक स्त्री उतरते. झालं! अमेरिकेची नाचक्की. अध्यक्ष निक्सन हुकूम सोडतात, आपल्यालाही बायका पाहिजेत, ताबडतोब! वीस जणींना प्रशिक्षणाला बोलावलं जातं. त्यात विमान चालवण्यात मुरलेली मॉली कॉब आहे, डॅनियल पूल ही कृष्णवर्णीय तरुणी आहे, एलेन आहे. आणि ट्रेसी स्टीव्हन्सही आहे. ती एका अंतराळवीराची देखणी बायको, फोटोत चांगली दिसेल म्हणून घेतलेली. यात न्याय वगैरे काही नाही. शेजाऱ्यानं फ्रीज आणला म्हणून आपणही आणावा, इतकाच तो मामला.

पण मैत्रिणींनो, दार कशामुळे उघडलं याला किती महत्त्व द्यायचं? आपल्याकडे १९९३ मध्ये पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. तेव्हाही ‘नुसत्या सहीपुरत्या बायका’ म्हणून हसणारे कमी नव्हते. आणि सहीपुरत्याच राहिलेल्या, नवऱ्यानं कारभार केलेल्या बायका मीही पाहिल्यात. पण पहिल्या वर्षी तोंडातून शब्द न फुटलेली बाई तिसऱ्या वर्षी ग्रामसेवकाला ‘ठरावाची नक्कल दाखवा’ म्हणते, हेही पाहिलंय. ट्रेसीचं तेच झालं. फोटोसाठी घेतलेली बाई प्रशिक्षणात चिकटून राहिली आणि अंतराळवीर झाली.

हे सगळं कल्पनेतलं म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. मॉली कॉब या पात्रामागे जेरी कॉब ही खरीखुरी वैमानिक आहे. १९६० पासून डॉक्टर लव्हलेस यांनी खासगीरीत्या काही वैमानिक स्त्रियांच्या त्याच वैद्यकीय चाचण्या घेतल्या, ज्या पुरुष अंतराळवीरांच्या घेतल्या होत्या. तेरा जणी उत्तीर्ण झाल्या. पुढे काय? काही नाही. १९६२ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली. तिथं जॉन ग्लेनसारख्या नावाजलेल्या अंतराळवीरानं सांगितलं की या क्षेत्रात स्त्रिया नाहीत, ही आपली समाजरचनाच आहे. विषय संपला. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये रशियाची व्हॅलेंतिना तेरेश्कोवा अंतराळात जाऊन आली. तरीही अमेरिकेला पहिली स्त्री पाठवायला १९८३ उजाडलं. ती सॅली राइड. तिला पत्रकारांनी विचारलं, काही बिघडलं तर तुम्ही रडता का? आणि आठवड्याभराच्या मुक्कामासाठी तिच्यासोबत मासिक पाळीची किती साधनं द्यावीत, १०० पुरतील का, असं नासाच्या इंजिनिअरांनी तिलाच विचारलं होतं! आमच्या भिशीत हे सांगितल्यावर जो हशा पिकला, तो पाच मिनिटं थांबला नाही. चंद्रापर्यंतचं गणित करणारे हे लोक, पण घरच्या बाईला कधी एक प्रश्न विचारला नव्हता. त्या तेरा जणींपैकी वॉली फंक २०२१ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, एका खासगी यानातून काही मिनिटांसाठी अवकाशात जाऊन आली. जेरी कॉबला तेवढंही मिळालं नाही. मार्च २०१९ मध्ये ती वारली, मालिका सुरू होण्याच्या काही महिने आधी. मालिकेतली मॉली मात्र चंद्रावर उतरते आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या शॅकलटन विवरात बर्फ शोधून काढते. याच विवराजवळ नोव्हेंबर २००८ मध्ये आपल्या चांद्रयान-१ नं सोडलेला तिरंगा रंगवलेला शोधक आदळला होता, बरं का! आणि चंद्रावरच्या पाण्याच्या खुणाही त्याच चांद्रयानावरच्या उपकरणानं दाखवल्या. त्यामुळे तो भाग पाहताना आम्हाला वाटलं, हे तर आपल्या ओळखीचं गाव.

पण पहिल्या सीझनमध्ये आमच्या मनात घर केलं ते मॉलीनं नाही, करेननं. करेन बाल्डविन ही नायकाची, एडची, बायको. अंतराळवीरांच्या घरी नासानं एक छोटा स्पीकर बसवलेला असायचा, त्यातून यानाशी चाललेलं बोलणं ऐकू यायचं. करेन त्या स्पीकरपाशी बसून संसार करते. एड चंद्रावरच्या तळावर एकटा असताना त्यांचा मुलगा सायकलवरून जाताना अपघातात जातो. ही बातमी एडला लगेच सांगायची नाही असं ठरतं, तो तिकडे एकटा, काही करून बसेल म्हणून. त्याला सांभाळायला सगळी नासा आहे. करेनला सांभाळायला कोण? पोराचं दुःख गिळून तिनं नवऱ्याशी बोलताना आवाज नीट ठेवायचा. भाचीचा मित्र जे पुढे ढकलत होता, ते हे. आमच्यातल्या एकीचे यजमान सैन्यात होते. ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, ‘हे मेलं रॉकेट राहू दे बाजूला. हे मी केलंय.’

मला विचाराल तर अख्ख्या मालिकेतला खरा इतिहास इथं आहे. मोहिमा, तारखा पुस्तकांत मिळतात. घरी बसलेल्या बाईनं त्या दिवशी काय केलं, हे कुठल्याच पुस्तकात नसतं.

दुसरा सीझन सगळ्यांनाच आवडला, आम्हालाही. चंद्रावर बंदुका येतात, अणुभट्टी धोक्यात येते. ती वाचवण्यासाठी ट्रेसी आणि तिचा घटस्फोटित नवरा गॉर्डो अंगाला चिकटपट्ट्या गुंडाळून चंद्राच्या पृष्ठभागावर धावतात आणि जीव देतात. त्या भागाला मोडण नाही. पण याच सीझनमध्ये प्रेक्षकांची एक खोड माझ्या लक्षात आली. ट्रेसी प्रसिद्धीनं हुरळलेली, चंद्रावर जाऊनही दारू-सिगारेट सोडत नाही, म्हणून भाचीचा कंपू तिच्यावर चिडलेला. गॉर्डोही पितो, त्याचं वजन वाढलंय, पण त्याच्याविषयी सगळ्यांना कणव. ‘बिचारा, त्याला चंद्रावर किती त्रास झाला होता!’ खरंच झाला होता. पहिल्या सीझनमध्ये तिथं त्याचं डोकं फिरलं होतं. पण ते झाकलं कुणी? डॅनियलनं. त्याची बदनामी न होता त्याला पृथ्वीवर परत नेता यावं म्हणून तिनं स्वतःचा हात मोडून घेतला! आणि मग बोल कुणाला लागला? तिलाच. बाई होती, कच्ची निघाली. पुढे मोहीम मिळवण्यासाठी तिला स्वतः जाऊन एडसमोर शब्द टाकावा लागला. नंतर हीच डॅनियल मंगळ मोहिमेची प्रमुख होते. पण गॉर्डोबद्दल हळहळणाऱ्या किती जणांना तिचा मोडलेला हात आठवतो?

तिसऱ्या सीझनबद्दल लोकांचा राग मोठा, आणि तो सगळाच चुकीचा नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडे करेनचे ट्रेसीच्या तरुण मुलाशी, डॅनीशी, संबंध येतात. आपल्या गेलेल्या मुलाचा तो मित्र. आम्हा सगळ्यांनाच ते खटकलं. वाईट वागणं दाखवू नये असं मी म्हणत नाही. पण ते घडण्याआधी लेखकांनी वाट तयार करायला हवी होती, ती केली नाही. मग तिसऱ्या सीझनभर डॅनीचं बिघडणं चालू राहतं आणि मंगळावर पोचूनही आपण त्याच्याच मागे फरफटत जातो. इथं ‘पुढे ढकला’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मीही हात वर करते.

पण करेननं एरवी काय काय केलं, हे किती जणांनी लक्षात ठेवलं? तिनं अंतराळवीरांचा अड्डा असलेला बार विकत घेऊन चालवला, व्हिएतनाममधली मुलगी दत्तक घेऊन वाढवली, अंतराळातल्या हॉटेलच्या धंद्यात भागीदारी केली, मंगळावर जाणाऱ्या खासगी कंपनीत मोठ्या पदावर गेली. स्पीकरपाशी बसणारी बाई इथवर पोचली, आणि १९९५ च्या बॉम्बस्फोटात मेली. तिच्या मृत्यूनंतरही भाचीच्या कंपूत तिची ओळख ‘ती डॅनीवाली’ अशीच उरली. उलट तिचा नवरा एड चारही सीझनमध्ये नियम धाब्यावर बसवतो, हट्टापायी इतरांना अडचणीत आणतो, सत्तरी ओलांडल्यावरही हाताचा कंप लपवून मंगळावर ठाण मांडून बसतो. त्याच्याविषयी तक्रार कसली? तर म्हातारपणाचा मेकअप नीट जमलेला नाही! पुरुषाचा मेकअप चुकतो, बाईचं चारित्र्य चुकतं. मालिका अमेरिकेतली असो नाहीतर आपल्या चॅनेलवरची, प्रेक्षक म्हणून आपला तराजू तोच.

चौथा सीझन अनेकांना कंटाळवाणा वाटला, आमच्यात मात्र त्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. कारण त्यात मंगळावरचे कामगार येतात. वरच्या मजल्यावर अधिकारी, खाली मजूर. करारात सांगितलेला पैसा हातात पडत नाही, घरी बोलायचं तर सोय धड नाही, मग संप होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, मंगळावर जाऊन शेवटी गिरणीच काढली की यांनी!’ काकूंचे वडील गिरणीत होते. या एका वाक्यात जे परीक्षण आलं, ते मला कुठं वाचायला मिळालं नसतं.

याच मालिकेतली मार्गो मॅडिसन पाहा. हुशार इंजिनिअर, नासाच्या केंद्राची प्रमुख. ऑफिसातच झोपते, लग्न नाही, पियानो वाजवणं हा एकच विरंगुळा. रशियन शास्त्रज्ञाच्या ओढीत गुंतते आणि सगळं गमावते. तिच्या हाताखाली तयार झालेली अलेईदा ही नासात झाडलोट करणाऱ्या मेक्सिकन माणसाची मुलगी. ती नवरा-मूल आणि काम यात ओढली जाते. एलेन तर थेट अमेरिकेची अध्यक्ष होते, १९९२ मध्ये. पण तिचं प्रेम एका स्त्रीवर आहे, हे लपवण्यासाठी तिनं लग्नाचा देखावा वर्षानुवर्षं सांभाळलेला. देशाच्या सर्वोच्च खुर्चीत बसूनही स्वतःच्या घराचं खरं सांगायची चोरी!

म्हणजे या काल्पनिक इतिहासात बायका चंद्रावर गेल्या, अध्यक्ष झाल्या. स्त्री-पुरुष समानतेची घटनादुरुस्ती, जी खऱ्या अमेरिकेत १९७२ मध्ये संसदेत मंजूर होऊनही १९८२ च्या मुदतीपर्यंत ३८ ऐवजी ३५ राज्यांपाशीच अडकली, ती इथं १९७४ मध्येच झाली. इतकंच काय, इथं जॉन लेनन वाचतो आणि राजपुत्र चार्ल्स डायनाऐवजी आधीच कॅमिलाशी लग्न करतो! लेखकांनी काय म्हणून बदलायचं ठेवलं नाही. बदललं नाही ते एकच. घरी कोण थांबणार आणि त्याची किंमत कोण मोजणार? याचं उत्तर प्रत्येक सीझनमध्ये बहुतेक वेळा बाईच. अपवाद एकच, मॉलीचा चित्रकार नवरा वेन. बायको चंद्रावर आणि हा घरी जीव मुठीत धरून बसलेला. त्याची आणि करेनची मैत्री होते ती याच एका धाग्यानं. आमच्या सगळ्यांचं सर्वांत लाडकं पात्र तेच ठरलं, यात नवल नाही.

काहीजणींना वाटेल, हा लेखकांचा कमीपणा. मला वाटतं, त्यांनी कळत-नकळत खरं तेच सांगितलं. आपल्याकडे १९६६ मध्येच इंदिराबाई पंतप्रधान झाल्या. म्हणून आपल्या घरात किती पुरुषांनी भांडी घासायला घेतली? कर्नालची कल्पना चावला १९९७ मध्ये अंतराळात गेली, २००३ मध्ये कोलंबिया दुर्घटनेत गेली. तिच्या नावानं आपण किती मुलींची नावं ठेवली! पण त्या मुलींना बारावीनंतर बाहेरगावी शिकायला पाठवताना घरात जी चर्चा होते, ती बदलली का? चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक वनिता मुथय्या आणि मोहीम संचालक रितू करिधाल, दोघीही स्त्रिया. त्यांचे फोटो आपण कौतुकानं पाहिले. त्यांच्या घरी त्या रात्री जेवण कुणी केलं असेल, हा प्रश्न मात्र आपल्याच डोक्यात येतो, पुरुषांच्या येत नाही.

म्हणून जे म्हणतात की या मालिकेत घर नको, नुसती रॉकेटं हवीत, त्यांना माझं सांगणं आहे की घर काढून टाकलंत तर उरेल ती फक्त पुरुषांची सहल. आजवर चंद्रावर पाऊल ठेवणारे बारा जण झाले, १९६९ ते १९७२ या काळात. बाराही पुरुष. फलकावर मात्र शब्द आहेत समस्त मानवजातीसाठी.

भाचीच्या मित्राला मी एवढंच म्हटलं, ‘बाळा, पुढच्या वेळी घरातला सीन आला की ढकलू नकोस, आईला हाक मार आणि दोघं मिळून बघा.’ तुम्हीही घरात कुठलीही मालिका लागली की ऐका जरा, कुणाच्या चुकीला ‘बिचारा’ म्हटलं जातं आणि कुणाच्या चुकीला ‘अशी कशी बाई’. आणि तिथल्या तिथं बोला. इतिहास बदलणं आपल्या हातात नसेल, पण पोरांच्या हातातला तराजू नीट करणं आहे. ते काम कुठल्या निक्सनच्या हुकमाची वाट पाहत नाही.